मेजर, सही करण्याआधी वाचा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत फौजेतून परतलेल्या माणसाला गाव सरसकट 'मेजर' म्हणतं. खरा हुद्दा शिपायाचा असो की सुभेदाराचा, एसटीचा कंडक्टर, किराणा दुकानदार, सोसायटीचा सचिव सगळे त्याला मेजरच म्हणणार. इथे ज्यांची गोष्ट सांगायची आहे ते मेजर हवालदार म्हणून निवृत्त झाले. इंदापूर तालुक्यातलं गाव, उजनीच्या पाण्यावर चार एकर ऊस, पेन्शन, मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी पलटणीच्या कोतात काढली. कोत म्हणजे शस्त्रागार. तिथे प्रत्येक रायफलीचा नंबर रजिस्टरात, घेणाऱ्याची सही रजिस्टरात, परत आली ती वेळही रजिस्टरात. एक नंबर जुळला नाही तर कुणाला जेवण नाही, झोप नाही.

याच माणसाला घरच्या औषधांच्या पिशवीत एकच औषध दोन नावांनी पडलंय हे कळलं नाही. त्यांना ते सांगणं ज्यांचं काम होतं, त्यांच्यापैकीही कुणाला कळलं नाही.

झालं असं. मेजरना मधुमेह आणि रक्तदाब जुनाच. दोन्हीची औषधं माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, म्हणजे ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून मिळायची. एका रात्री छातीत कळ आली म्हणून मुलाने त्यांना बारामतीच्या एका खासगी रुग्णालयात नेलं. रुग्णालय योजनेच्या यादीत होतं, कार्ड चाललं, उपचार बरे झाले, हृदय शाबूत निघालं. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर गोळ्या लिहून दिल्या. त्यात मधुमेहाची एक गोळी कंपनीच्या नावाने होती. आत होतं ग्लिमेपिराइड. पॉलिक्लिनिकच्या पाकिटावर कंपनीचं नाव नव्हतं, पण आतला घटक तोच, ग्लिमेपिराइड. मेजरनी दोन्ही घेतल्या. डॉक्टरांनी लिहून दिलेलं घ्यायचं, आणि आधीचं बंद करा असं कुणी म्हटलेलं नाही, इतका सरळ हिशेब.

काही दिवसांनी पहाटे ते घामाने थबथबले आणि बायकोला बटालियनमधल्या कुणाच्या तरी नावाने हाका मारू लागले. त्या काकींनी प्रसंगावधान राखून साखरपाणी पाजलं. ते गिळण्याइतकी शुद्ध होती म्हणून निभावलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. इंदापूरला नेलं तेव्हा साखर तरीही बरीच खाली होती. इथे एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. ग्लिमेपिराइडच्या गटातल्या गोळ्यांचा असर पुष्कळ तास टिकतो. साखर देऊन माणूस उठून बसला, चहा मागू लागला, तरी त्याला रुग्णालयात न्यावंच लागतं, कारण साखर पुन्हा घसरते. म्हाताऱ्या माणसाची मूत्रपिंडं मंदावलेली असतील तर आणखीच.

बरे झाल्यावर मेजर विचारायला गेले आणि त्यांना तीन उत्तरं मिळाली. रुग्णालय म्हणालं, जुनी औषधं दाखवायची जबाबदारी रुग्णाची. पॉलिक्लिनिकमध्ये सांगितलं, तुम्ही कुठे भरती होता, तिथे काय लिहून देतात, हे आम्हाला कसं कळणार. औषध दुकानदार म्हणाला, चिठ्ठीवर होतं ते दिलं. तिघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य होतं आणि अडचण तीच आहे. माजी सैनिकाची देखभाल तीन-चार ठिकाणी वाटलेली असते. पॉलिक्लिनिक रोजचं बघतं, यादीतलं खासगी रुग्णालय भरती करून घेतं, मोठं काही असेल तर पुण्याचं कमांड हॉस्पिटल किंवा खडकीचं सैनिकी रुग्णालय. बिल तपासणारी संस्था आणखी वेगळी. यातल्या कुणाच्याही टेबलावर त्या माणसाचा पूर्ण कागद नसतो. तो असायला हवा, ही अपेक्षा रास्तच आहे. पण तो तयार होईपर्यंत पूर्ण कागद एकाच माणसाच्या हातात असू शकतो, खुद्द मेजरांच्या.

आणि मेजर तो ठेवत नव्हते. आळस हे त्याचं कारण नव्हे. फौजेत सिक रिपोर्ट केला की एमआय रूममधला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यातला, डॉक्टर हा आधी अधिकारी असतो, मग डॉक्टर. त्याला प्रश्न विचारायचे नसतात, 'जी साहब' म्हणायचं असतं. वीस-बावीस वर्षांची ही सवय निवृत्तीच्या कागदांबरोबर जमा होत नाही. ऊसदरावरून कारखान्याच्या सभेत तावातावाने बोलणारा हाच माणूस पांढऱ्या कोटापुढे सावधान उभा राहतो. चांगला सैनिक पुष्कळदा वाईट रुग्ण असतो तो असा.

हुकूम म्हणून गप्प न बसलेल्या एका जवानाची हकिगत त्यासाठी सांगायला हवी. ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंदली गेली आहे. त्यांचं नाव निकालात असलं तरी आजाराचं स्वरूप पाहता इथे देत नाही.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि 'ऑपरेशन पराक्रम' सुरू झालं. हवाई दलातले हे जवान जम्मूकडच्या सीमेवर होते. जुलै २००२ मध्ये ते आजारी पडले आणि सांबा इथल्या १७१ सैनिकी रुग्णालयात दाखल झाले. तिथे त्यांना एक युनिट रक्त चढवण्यात आलं. ते बरे होऊन कामावर परतले. बारा वर्षांनी, २०१४ मध्ये, प्रकृती ढासळली तेव्हा तपासणीत एचआयव्हीची लागण निघाली. २०१४ आणि २०१५ मध्ये वैद्यकीय मंडळांनी या लागणीचा संबंध सांब्याच्या त्या रक्ताशी, म्हणजे नोकरीशी जोडला. तरीही ३१ मे २०१६ रोजी त्यांना सेवेतून मोकळं करण्यात आलं. त्यांनी कागद मागायला सुरुवात केली. कधी मिळाले, कधी नाहीत असं उत्तर आलं. माहितीच्या अधिकारात अर्ज गेले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्यांची तक्रार फेटाळली, कारण तज्ज्ञाचा पुरावा नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२३ रोजी हा निकाल उलटवला. न्या. रवींद्र भट आणि न्या. दीपंकर दत्ता यांच्या पीठाने म्हटलेल्या गोष्टीचा गाभा असा, की काही चुका स्वतःच बोलतात. रक्त घेतलेल्या निरोगी जवानाला हा आजार होतो, आणि ते रक्त तपासलं होतं याचा कागद रुग्णालयाकडे नसतो, तेव्हा हलगर्जी झाली नाही हे दाखवण्याची पाळी रुग्णालयावर येते. सांब्याच्या त्या तात्पुरत्या रक्तकेंद्रात त्या वेळी रक्तसंक्रमणातला तज्ज्ञ नव्हता, हेही पुढे आलं. हवाई दल आणि लष्कर दोघांनाही जबाबदार धरून न्यायालयाने १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपये भरपाई सहा आठवड्यांत द्यायला सांगितलं. लष्कराकडून वाटा वसूल करायचा असेल तर तो हवाई दलाने करावा, जवानाने दोन्ही दारांत फिरू नये, अशी ही रचना होती. इंदापूरच्या मेजरांना तिघांनी तीन दिशा दाखवल्या होत्या. त्यांच्यासाठी या निकालातली ही रचना रकमेपेक्षा मोठी आहे.

हा खटला ग्राहक कायद्याखाली चालला हेही महत्त्वाचं. 'सैनिकी दवाखाना फुकट, मग आपण ग्राहक कसे?' हा प्रश्न माजी सैनिकांच्या मेळाव्यात हमखास निघतो. त्याचं उत्तर १३ नोव्हेंबर १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालात आहे. ज्या उपचाराचा खर्च विम्याने किंवा मालकाने उचललेला असतो, तो कायद्याच्या दृष्टीने फुकट नसतो. पुढे मध्य रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तोच धागा पुढे नेला आणि नोकरीचा भाग म्हणून मिळणारी वैद्यकीय सेवा ही सेवाच आहे असं मानलं. ईसीएचएस तर नावातच अंशदायी आहे. १ एप्रिल २००३ ला ती सुरू झाली. निवृत्त होताना हवालदारापर्यंतच्या जवानाकडून ३० हजार, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांच्याकडून ६७ हजार, अधिकाऱ्याकडून १ लाख २० हजार रुपये घेतले जातात. हे दर २०१७ च्या अखेरीस ठरले. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात पती गमावलेल्या वीरपत्नींना वर्गणी माफ आहे, पण ती माफी योजनेनेच दिलेली आहे. पैसे मोजलेला माणूस दयेवर उपचार घेत नसतो. हे पॉलिक्लिनिकच्या रांगेत उभं असताना आठवत नाही, एवढंच.

कागदाचं मोल सांगणारी आणखी एक गोष्ट बारामतीच्या शेजारच्याच तालुक्याशी जोडलेली आहे. मे १९५३. दौंडला वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉ. त्र्यंबक गोडबोले यांचा वीस वर्षांचा मुलगा रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनारी पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. दोनशे मैलांचा टॅक्सीचा प्रवास करून त्याला पुण्यात आणलं. वडील दौंडहून तिथे पोचले. ज्या जोशी नावाच्या शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात मुलाला नेलं तिथे भूल न देता, माणसं लावून, जोर करून हाड बसवण्यात आलं, असं न्यायालयात सिद्ध झालं. ९ मे रोजी रात्री मुलगा गेला. जोशी विरुद्ध गोडबोले हा खटला सर्वोच्च न्यायालयात १९६८ मध्ये संपला. भरपाई ३ हजार रुपये. देशात वैद्यकीय हलगर्जीवर वाद होतो तेव्हा अजून हा निकाल काढला जातो. डॉक्टर काय मानतो, काय सांगतो आणि प्रत्यक्ष काय करतो यांत किती अंतर असू शकतं, आणि बाप स्वतः डॉक्टर असूनही शेजारी उभा राहून विश्वासच ठेवतो, हे त्यात दिसतं. पंधरा वर्षं लढायला तो बाप डॉक्टर होता म्हणून टिकला असावा.

इंदापूरच्या मेजरांना पंधरा वर्षं नको होती. त्यांना आपल्या केसचा कागद हवा होता. सुरुवातीला त्यांना डिस्चार्ज कार्ड दाखवून 'हेच तुमचे पेपर' असं सांगण्यात आलं. ते पेपर नव्हेत. भरती झाल्यापासूनच्या नोंदी, नर्सने दिलेल्या औषधांचा तक्ता, संमतीपत्रं, तपासण्यांचे निकाल, सगळं मिळून आंतररुग्ण नोंद होते आणि तिची प्रत मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने ही नोंद तीन वर्षं जपायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९६ मध्येच, रघुनाथ रहेजा प्रकरणात, रुग्णाला केसपेपर नाकारणं चूक ठरवलं होतं. मेजरनी साध्या कागदावर अर्ज लिहिला, त्यात या नियमाचा उल्लेख केला, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतली. अर्ज तोंडी केला असता तर तो कधी केला याचा पुरावा राहिला नसता. प्रतींचे पैसे भरावे लागले, ते रास्त आहेत. थोडी टोलवाटोलवी झाली, मग कागद मिळाले.

त्या कागदांत उत्तर होतं. भरतीच्या नोंदीत 'मधुमेह, उपचार चालू' एवढंच. कोणतं औषध, किती मात्रा, हा रकाना कोरा. 'जुनी औषधं दाखवायची जबाबदारी रुग्णाची' हे म्हणणं त्या एका कोऱ्या रकान्यापुढे टिकलं नाही, कारण विचारण्याची जागा छापील फॉर्मवरच होती. रुग्णालयाने लेखी उत्तर दिलं आणि डिस्चार्ज कार्डावर 'बंद करायची आधीची औषधं' असा रकाना घालू असं कळवलं. मेजर तिथेच थांबले. भरपाई मागितली नाही. ती मागायला हवी होती असं म्हणणारे त्यांच्या गावात आहेत, आणि ते चुकीचं म्हणत नाहीत.

औषधांचा हा गोंधळ फार दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयीन उपचार घेणाऱ्या सुमारे दहांतल्या एकाला त्या उपचारातूनच काहीतरी इजा होते, आणि त्यातला मोठा वाटा टाळता येण्याजोगा असतो. म्हणून २०१७ मध्ये संघटनेने औषधांच्या चुकांविरुद्ध जागतिक मोहीम काढली आणि २०१९ पासून १७ सप्टेंबर हा रुग्णसुरक्षा दिन पाळला जातो. इंदापूरच्या बाजारपेठेत त्याचा फलक पाहिल्याचं कुणी सांगत नाही. असो.

मेजरांच्या खिशात आता एक घडीचा कागद असतो. त्यावर कंपनीचं नाव नाही, औषधाच्या घटकाचं नाव, किती मिलिग्रॅम, सकाळी की रात्री, कशासाठी आणि कुणी लिहून दिलं. कुठलं औषध सोसत नाही तेही. घटकाचं नाव पाकिटावर बारीक अक्षरांत असतं. वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून लिहून घ्यावं. नवी चिठ्ठी हातात आली की हा कागद डॉक्टरपुढे ठेवून एकच प्रश्न विचारायचा: यातलं काय बंद? मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि वेदनाशामकं यांच्या बाबतीत तर हा प्रश्न विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असताना गुडघेदुखीवर दुकानातून घेतलेली वेदनाशामकं पोटात रक्तस्राव करू शकतात. उसाच्या फडात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला गुडघेदुखी चुकत नाही, त्यामुळे हा धोका इथे पुस्तकी नाही.

तातडीच्या वेळी बारामती-इंदापूरच्या माणसाची अडचण वेगळी असते. इंदापूरहून पुणे १४० किलोमीटरच्या आसपास, बारामतीहून शंभर. सोलापूर महामार्गावर रात्री अपघात झाला किंवा छातीत दुखू लागलं तर यादीतलं रुग्णालय शोधत बसायला कुणाला वेळ नसतो, आणि शोधूही नये. जवळच्या ठिकाणी, मग ते सरकारी उपजिल्हा रुग्णालय असो की खासगी, आधी जायचं. योजनेत त्याची सोय आहे. यादीबाहेरच्या रुग्णालयात तातडीने भरती झाल्यास ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं. कळवायचं म्हणजे फोन करून विसरायचं नाही. ई-मेल किंवा लेखी पत्र, आणि ते मिळाल्याची खूण हातात. नंतर पैसे परत मिळतात ते केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या दरांनी, रुग्णालयाने लावलेल्या दरांनी नव्हे. या फरकाचा धक्का घराला आधीच माहीत असलेला बरा. यादीतल्या रुग्णालयात तातडीच्या वेळी पॉलिक्लिनिकचं रेफरल लागत नाही, अनामतही मागता येत नाही. योजनेकडे बिलं थकली म्हणून 'कार्ड आत्ता चालणार नाही' असं सांगितलं जातं, तेव्हा भांडण्यापेक्षा ते लेखी द्या म्हणावं. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळ नकार विरघळतात. आणि केवळ रुग्णालय यादीत नाही म्हणून खरोखरच्या तातडीचा खर्च नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी शिवकांत झा प्रकरणात, केंद्र सरकारच्या एका निवृत्त अधिकाऱ्याच्या बाबतीत, स्पष्ट केलं आहे. दावा फेटाळला गेला तर अपिलात या निकालाचं नाव घालायला विसरू नये.

मग सहीचं. घरी सोडताना बिलाच्या कागदांवर रुग्णाची किंवा नातेवाइकाची सही घेतात. मेजरनी भरतीच्या वेळी घाईत केलेल्या सह्यांपैकी काही कोऱ्या फॉर्मवर होत्या. त्यावर पुढे काय लिहिलं गेलं हे त्यांना आजही सांगता येत नाही. कोतात त्यांनी कुणालाही कोऱ्या रजिस्टरवर सही करू दिली नसती. बिल आपल्या खिशातून जात नाही म्हणून वाचायचं नाही, हा घातक उदारपणा आहे. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या ५१ क्रमांकाच्या अहवालात याच योजनेची झाडाझडती घेतली, तेव्हा औषधांच्या तुटवड्याबरोबर रुग्णालयांची जादा बिलं हाही विषय निघाला होता. न झालेली तपासणी बिलात चढली की ती रुग्णाच्या वैद्यकीय इतिहासातही चढते, आणि पुढचा डॉक्टर तिच्यावर विसंबतो. जादा बिलाचा प्रश्न अशा वाटेने रुग्णाच्या सुरक्षेपर्यंत येतो. हवालदाराला सर्वसाधारण वॉर्ड, जेसीओला (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) निमखासगी, अधिकाऱ्याला खासगी खोली, हा हक्काचा दर्जाही कार्डावरून ठरलेला असतो. त्यापेक्षा वरची खोली घ्यायला लावून फरक मागितला तर तो कशाचा, हे विचारावं.

शस्त्रक्रियेच्या संमतीपत्राचं तसंच. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात म्हटलं, की एका प्रक्रियेला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही आणि धोके समजावून सांगितल्याशिवाय संमतीला अर्थ नाही. संमतीपत्र इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागण्यात कमीपणा काय? रक्त चढवायचं असेल तर पिशवीवरचा गट, क्रमांक, मुदतीची तारीख आणि रक्तकेंद्राचं नाव नर्सबरोबर स्वतः किंवा मुलाने वाचावं आणि ते केसपेपरवर उतरलंय ना, हे पाहावं. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस आणि मलेरिया या तपासण्या झाल्याशिवाय रक्त देता येत नाही. सांब्याच्या प्रकरणात पिशवीची ही नोंद उपलब्ध असती तर तो जवान इतकी वर्षं आयोगापासून न्यायालयापर्यंत फिरला नसता.

माजी सैनिकांच्या दवाखान्यांत फक्त आपल्याकडेच गडबड होते असं मात्र समजू नये. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतंत्र रुग्णालयं आहेत. २०१४ मध्ये फिनिक्स शहरात उघडकीला आलं, की डॉक्टरच्या भेटीसाठी महिनोन्महिने ताटकळणाऱ्यांची खरी यादी लपवून वरच्यांना सुंदर आकडे पाठवले जात होते. एका निवृत्त डॉक्टरने ते बाहेर काढलं, आणि ३० मे २०१४ रोजी त्या खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना पद सोडावं लागलं. आर्कान्सा राज्यातल्या फेएटव्हिलचं उदाहरण याहून शिकण्यासारखं आहे. तिथला रोगनिदानतज्ज्ञ नशेत काम करत होता. ते कळल्यावर त्याने तपासलेली जवळपास ३४ हजार प्रकरणं पुन्हा तपासली गेली, सुमारे ३ हजार चुका सापडल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. जुने नमुने उकरून काढून चुका मोजणं, हे आपल्या व्यवस्थेत कुणी स्वतःहून करताना दिसत नाही.

तक्रार कुठे करायची, याची वाट माहीत असली की राग वाया जात नाही. पहिलं पत्र रुग्णालयालाच. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनी खासगी रुग्णालयांवर रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचं आणि तक्रारींची दखल घेण्याचं बंधन घातलं आहे. बारामतीच्या भिगवण रस्त्यावरच्या रुग्णालयांत शिरताना भिंतीकडे एकदा पाहावं, सनद आहे का. त्या पत्राची प्रत पॉलिक्लिनिकच्या ऑफिसर-इन-चार्जना आणि ईसीएचएसच्या प्रादेशिक केंद्राला, कारण रुग्णालयाला यादीत ठेवायचं की नाही हे ती यंत्रणा ठरवते. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. पॉलिक्लिनिक किंवा सैनिकी रुग्णालय कागद देत नसेल तर माहितीचा अधिकार, त्याचं उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. अर्ज लिहिता येत नसेल तर पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. पेन्शनच्या कामांसाठी तिथे जाणारे खूप आहेत, उपचारांच्या तक्रारी घेऊन जाणारे थोडे.

एक गोष्ट मात्र करू नये. गाडी भरून माणसं नेऊन रुग्णालयाची काच फोडू नये. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. फुटलेल्या काचेनंतर तक्रारदार आरोपी होतो आणि कोऱ्या रकान्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. शिवाय वाईट परिणाम झाला म्हणजे हलगर्जी झालीच असं नसतं. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरवर फौजदारी गुन्हा दाखल होण्यासाठी फार मोठी चूक दिसावी लागते, असा दंडक घातला, आणि तो योग्यच आहे. अर्ध्या रात्री दरवाजा उघडणारा डॉक्टर तालुक्याच्या गावात उरायला हवा.

हे सगळं वाचणारा बहुधा स्वतः मेजर असेल किंवा त्याचा मुलगा. पण ईसीएचएसच्या कार्डावर पत्नीचंही नाव असतं, आणि मेजर गेल्यावर ते कार्ड, ती रांग, ते रेफरल तिच्या वाट्याला येतं. इंदापूर-बारामतीच्या वाड्यावस्त्यांवर अशा कितीतरी जणी आहेत, ज्यांना आपल्या गोळीचं नाव माहीत नाही आणि ४८ तासांचा नियम कुणी सांगितलेला नाही. पुढच्या वेळी औषधं आणायला जाताना त्यांना बरोबर न्या, खिडकीवर त्यांनाच बोलू द्या, आणि औषधांच्या यादीची दुसरी प्रत त्यांच्याकडे ठेवा.